समुपदेशक पडद्यावर, संकोच घरात



गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी रात्री साडेदहा वाजता माझ्या एका भाचीचा फोन आला. तिचे सासर सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. घरचा कापडाचा व्यापार आणि तीन पिढ्यांचे दुकान. ऐन हंगामात व्यापारी घरातील गृहिणी अशा वेळी फोन करते ती सहज म्हणून नव्हे, हे मी जाणून होते. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “मावशी, तुझ्या ओळखीत मुलांशी बोलणारा कोणी मनाचा डॉक्टर आहे का गं? पण सोलापूरचा नको.”

‘पण सोलापूरचा नको’ या तीन शब्दांत आपल्या समाजाची एक जुनी व्यथा सामावलेली आहे. म्हणूनच त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकीगत येथे सांगत आहे.

भाचीचा मुलगा दहावीत होता. श्रावणापासून त्याला रोज सकाळी पोटात दुखू लागले. शाळेची वेळ टळली की दुखणे थांबे. घरच्या डॉक्टरांनी तपासले, रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली. सर्व काही ठीक. शेवटी डॉक्टर म्हणाले, “याच्या पोटाला काही झालेले नाही. मनावर ताण आहे. कोणा समुपदेशकाला दाखवा.” त्यावर मुलाचे वडील उसळून म्हणाले, “म्हणजे काय, माझा मुलगा वेडा आहे का?”

तरीही वडीलच ते. पुढच्या खेपेला सोलापूरला चाटी गल्लीत खरेदीसाठी निघाले तेव्हा त्यांनी पत्नीला आणि मुलाला गाडीत घेतले. एका मनोविकारतज्ज्ञांचा पत्ता मिळवला होता. दवाखान्यासमोर गाडी थांबली, आणि समोरच्या टपरीवर ओळखीचे दोन कापड-दलाल चहा घेत उभे असलेले दिसले. गाडीची काच खाली झालीच नाही. गाडी तशीच वळली. घरी नणंदेची सोयरीक जुळत आली होती. “त्यांच्या घरात मनाचे दुखणे आहे” एवढे एक वाक्य चाटी गल्लीतून निघाले असते, तर ते सोयरिकीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला असता?

लाजेची किंमत

लग्नाच्या पंगतीत आपण साखर, रक्तदाब आणि गुडघे यांविषयी मोकळेपणाने बोलतो. कोणत्या डॉक्टरांनी कोणती गोळी दिली, याची देवघेवही करतो. मात्र ज्याला रात्र रात्र झोप नाही, दुकान उघडताना ज्याच्या छातीत धडधड होते, तो त्याच पंगतीत हसून “सर्व आनंदात” असे सांगतो.

ही स्थिती केवळ आपल्या समाजाची नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. याची कारणे अनेक आहेत. तज्ज्ञ थोडे आहेत, ते शहरांत आहेत आणि अनेकांना खर्च परवडत नाही. परंतु आपल्या वाचक-कुटुंबांपुरते बोलायचे तर बहुधा गाडी दारात असते आणि पैशाचीही सोय होते. उणीव असते ती दवाखान्याची पायरी चढण्याच्या धैर्याची.

ऑनलाइन समुपदेशनाने नेमकी हीच पायरी काढून टाकली आहे. २०२० च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि टाळेबंदीच्या काळात व्हिडिओवरून सल्ला घेणे लोकांच्या अंगवळणी पडले. आता तालुक्याच्या गावातील माणूस पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी मराठीत बोलू शकतो. जाण्यायेण्यात दिवस मोडत नाही, आणि चहाच्या टपरीवरून कोणी पाहतही नाही. चिंता आणि नैराश्य यांच्या सौम्य व मध्यम स्वरूपात प्रशिक्षित तज्ज्ञाने व्हिडिओवरून केलेले उपचार समोरासमोरच्या उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

चौकशी करून मी भाचीला पुण्यातील एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंचा क्रमांक दिला. प्रश्न सुटला असे मला वाटले. तो खरे म्हणजे तेथूनच सुरू झाला.

दार बंद होईना

त्या घरात अकरा माणसे राहतात. चुलत भावंडे एकत्र झोपतात, एकत्र अभ्यास करतात. घर मोठे आहे, पण आतून कडी लावून कोणी बसावे अशी खोली त्यात एकही नाही. तशी कधी गरजच भासली नव्हती. पहिल्या बैठकीला मुलगा मधल्या खोलीत मोबाइल घेऊन बसला. पडद्यापलीकडे आजी माळ घेऊन बसल्या होत्या. काकांचा लहान मुलगा दोनदा डोकावून गेला. बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला “हं” आणि “नाही” एवढीच उत्तरे आली. दहा मिनिटांनी बाईंनी विचारले, “तू आत्ता एकटा आहेस का?” मुलाने पडद्याकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “मग आज आपण क्रिकेटविषयी बोलू. मनातले जागा मिळाल्यावर.”

जागेचा शोध सुरू झाला. शेवटी दुकानामागचे गोदाम ठरले. सुट्टीच्या दिवशी दुपारी तेथे कोणी नसते. शर्टिंगच्या ठाणांच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची, एक स्टूल आणि कानात इअरफोन. आजींना हे मुळीच रुचले नाही. “घरातल्या माणसांपासून लपवायचं असं काय आहे त्याच्या मनात?” त्यांनी सुनेला विचारले.

भाची क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “आई, तुम्ही महाराजांजवळ आलोचना करता, तेव्हा मी शेजारी बसते का?”

आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्या स्वतःच गोदामाच्या पायरीवर बसून राहिल्या. गोदामाकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी “आत काम चाललंय” म्हणून परत पाठवले.

मला या प्रसंगाचे फार मोल वाटते. आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांचे जे आठ गुण आपल्या शास्त्रांत सांगितले आहेत, त्यांत एक ‘अपरिस्रावी’ हा आहे. ज्यातून थेंबही पाझरत नाही अशा भांड्यासारखा तो असावा, ऐकलेले दुसऱ्याला सांगू नये. मनातले बोलायला आधी न झिरपणारे पात्र हवे, हे आपल्या पूर्वजांनी कधीच ओळखले होते. समुपदेशनाचा पायाही तोच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेथे किंवा न्यायालयाच्या आदेशाने, अशा मोजक्या प्रसंगीच तो बाजूला ठेवता येतो. कायद्याचे बंधन तज्ज्ञावर आहे. पडद्याअलीकडचे बंधन मात्र आपणच स्वतःवर घालून घ्यायचे असते. ज्या घरात कोणाचेही पत्र कोणीही फोडते आणि कोणाचाही मोबाइल कोणीही पाहते, तेथे ऑनलाइन समुपदेशन सुरू होते, पण रुजत नाही.

आधी आईवडील

मुलाला ‘नीट करून’ द्यावे, अशी वडिलांची अपेक्षा होती. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात मुलाऐवजी त्या दोघांना बोलावले. वडिलांना त्यांनी साधा प्रश्न विचारला, “रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर मुलाशी तुमचे पहिले वाक्य कोणते असते?”

“अभ्यास झाला का, हेच. दुसरं काय असणार?”

“आणि दुसरे वाक्य?”

वडिलांना आठवेना. मग बाईंनी त्यांना त्यांच्याच धंद्यातले काम दिले. आठवडाभर मुलाशी जे काही बोलाल ते रात्री वहीत नोंदवायचे. रोजमेळ लिहितो तसे, शब्द न बदलता. आठ दिवसांनी वही उघडली. ‘अभ्यास झाला का.’ ‘मोबाइल ठेव.’ ‘काकांचा मुलगा बघ.’ ‘आज गेलास का शाळेत.’ संपूर्ण वहीत प्रश्न नाही आणि सूचनाही नाही असे एकही वाक्य सापडले नाही. वडील हिशेबाला पक्के आहेत. स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद त्यांना नाकारता आली नाही.

मुलानेही गोदामात हळूहळू तोंड उघडले होते. जे सांगितले त्यातील एक गोष्ट आईवडिलांना कळली तर बरे होईल का, असे बाईंनी त्याला विचारले आणि त्याच्या होकारानंतर ती त्यालाच सांगू दिली. उन्हाळ्यात एका रात्री आईवडिलांचे बोलणे त्याच्या कानी पडले होते. उधारी अडकली आहे, लोक मोबाइलवरून कपडे मागवू लागले आहेत, दोन हंगाम असेच गेले तर दुकान राहील की नाही देव जाणे. आईवडील बोलून मोकळे झाले आणि झोपले. पंधरा वर्षांचा मुलगा जागा राहिला. दुकान बुडाले तर या घराला आपलेच गुण तारतील, असा हिशेब त्याने अंथरुणात मांडला. दुसऱ्या चाचणीत गणितात गुण कमी पडले आणि त्या दिवसापासून पोट दुखू लागले.

वडिलांनी हे ऐकले तेव्हा ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, असे भाचीने मला सांगितले.

पालकांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. असे पोट दुखणे हे ढोंग नसते. मन घाबरले की आतड्यांवर त्याचा परिणाम होतो. दुखणे खरेच असते. पण त्या दुखण्यामुळे मूल घरी राहिले की त्याला क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि ही सुटकाच उद्याची भीती वाढवते. जितके दिवस शाळा चुकेल तितकी शाळा भयंकर वाटू लागते. म्हणून रागावून ढकलणे जसे चूक, तसेच कीव येऊन महिनाभर घरी ठेवणेही चूक. बाईंनी मुलाबरोबर बसून पायऱ्या आखल्या. पहिले दोन दिवस गणवेश घालून फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. नंतर दोन तास बसायचे. मग मधल्या सुट्टीपर्यंत. वर्गशिक्षिकेला विश्वासात घेतले. एखाद्या दिवशी पायरी चुकली तर कोणी बोलायचे नाही, दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा चढायची. कार्तिकी पौर्णिमा उलटून गेल्यावर तो पूर्ण दिवस शाळेत बसू लागला. मधूनमधून पोट दुखतच होते, पण ते घेऊनही तो जाऊ लागला.

वडिलांची खतावणी

तिसऱ्या महिन्यात वडिलांनी स्वतःसाठी वेळ मागितली. पहाटे दोनला जाग, छातीत धडधड, घाम. हृदयाचा आलेख त्यांनी गुपचूप दोनदा काढून घेतला होता आणि तो दोन्ही वेळा निर्दोष आला होता.

बाईंनी त्यांच्याबरोबर वापरलेली पद्धत म्हणजे विचार तपासण्याची पद्धत. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतील अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या दोघांनी स्वतंत्रपणे तिचा पाया घातला. तिचा गाभा असा, की घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार उभा असतो; घटना आपल्या हाती नसली तरी तो विचार तपासता येतो. व्यापाऱ्याला ही गोष्ट लवकर उमजावी. रोजमेळात एक नोंद येते: अमुक गिऱ्हाइकाचे पैसे थकले. चिंतातुर मन ती नोंद सरळ ‘दिवाळे’ या खात्यावर खतावते. पैसे थकले, म्हणजे बुडाले. बुडाले, म्हणजे दुकान गेले. दुकान गेले, म्हणजे अब्रू गेली. चार उड्यांत मन पाताळात पोहोचते आणि शरीर त्यावर विश्वास ठेवून धडधडू लागते.

उपाय असा, की कागदावर रकाने आखायचे. काय घडले, मनात काय आले, त्याला पुरावा काय, आणि त्याच्या विरुद्ध पुरावा काय. त्या गिऱ्हाइकाने गेल्या दहा वर्षांत किती वेळा उशीर केला आणि किती वेळा खरोखर बुडवले? वडिलांनी जुन्या वह्या काढल्या. उशीर अनेकदा झाला होता. बुडवले एकदाच होते, आणि तेव्हाही दुकान चालूच राहिले होते. धोका खोटा होता असे नव्हे, विक्री खरोखरच घटली होती. पण धोका जेवढा आहे तेवढाच दिसू लागला, आणि पहाटे दोनच्या अंधारात जो प्रश्न सुटत नव्हता त्यावर सकाळी भावाबरोबर बसून बोलता येऊ लागले. उधारीची मर्यादा ठरली. वसुलीचा एक वार ठरला.

धर्म असताना हे कशाला?

असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचक विचारतील, आणि तो योग्यच आहे. इष्ट ते जाईल, अनिष्ट ते येईल, या विचारात मन अडकून पडणे यालाच आपल्याकडे आर्तध्यान म्हटले आहे. त्यातून बाहेर पडण्यासाठी स्वाध्याय आणि सामायिक आहे. ज्यांना त्यातून शांती लाभते त्यांनी ती अवश्य घ्यावी. परंतु ताप चढलेल्या माणसाला आपण सामायिकाला बसवत नाही, आधी औषध देतो. चिंतेनेही एका मर्यादेनंतर आजाराचे रूप घेतले, की अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसणे हीच शिक्षा होते. डोळे मिटले की तेच विचार दुप्पट वेगाने येतात. मग साधक स्वतःलाच दोष देऊ लागतो, की आपली श्रद्धाच कमी पडते. समुपदेशनाची बैठकही साधारण सामायिकाइतक्याच वेळाची असते. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. भाचीच्या यजमानांनी समुपदेशन सुरू केल्यावर चार महिन्यांनी पुन्हा सामायिक सुरू केले, एवढे येथे नमूद करते.

निवड करताना

व्यापारी माणूस माल घेताना पारखून घेतो. येथेही पारख हवी.

तीन प्रकारच्या व्यक्तींतील भेद आधी ओळखावा. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषधे तेच लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते मनाच्या चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागावा आणि परिषदेच्या नोंदवहीत तपासून घ्यावा. यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. तिसरे समुपदेशक. मानसशास्त्रात एम. ए. करून, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलेले अनेक चांगले समुपदेशक आहेत. मात्र चार दिवसांचे शिबिर करून आपल्या नावामागे ‘काउन्सेलर’ किंवा ‘लाइफ कोच’ लावणारेही आहेत. शिक्षण कोठे झाले, मुलांबरोबर काम करण्याचा अनुभव किती, हे स्पष्ट विचारावे.

पहिल्याच बैठकीत शुल्क, वेळ, गोपनीयतेच्या मर्यादा आणि अंदाजे किती बैठका लागतील, हे जो स्वतःहून सांगतो तो विश्वासाचा. जो पहिल्या दिवशीच पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागतो, जो ‘शंभर टक्के खात्री’ देतो, त्याच्यापासून दूर राहावे. मूल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते. पण संमती देणे म्हणजे प्रत्येक बैठकीचा अहवाल मागणे नव्हे. बैठक संपताच “काय विचारलं? तू काय सांगितलंस?” असे मुलाला कधीही विचारू नये. बैठकीचे गुपचूप रेकॉर्डिंग तर मुळीच करू नये. दुकानाचा सर्वांच्या हातात फिरणारा मोबाइलही या कामाला वापरू नये.

तीनचार बैठकांनंतरही मन मोकळे होत नसेल तर तज्ज्ञ बदलता येतो. सूर जुळणे हा उपचाराचाच भाग आहे.

हल्ली मुले, आणि काही मोठी माणसेही, रात्री संगणकाच्या चॅटबॉटशी मनातले बोलतात. हे नवल आजचे नाही. अमेरिकेत १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलिझा’ नावाचा संवाद करणारा साधा प्रोग्राम जगापुढे मांडला. लोक त्याच्याशी मनातले बोलू लागलेले पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले होते. यंत्र उत्तर देते. पण मुलाचा हात थरथरतो आहे हे पाहून त्याच्या आईला फोन करण्याची जबाबदारी ते घेत नाही. तुमचे मूल त्याच्याशी बोलत असेल तर रागावू नका. त्याला बोलायचे आहे, एवढे त्यातून ओळखा आणि माणूस शोधून द्या.

जेथे पडदा पुरेसा नाही

काही प्रसंगी ऑनलाइन बैठकीची वाट पाहू नये. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागले, निरवानिरवीची भाषा करू लागले, स्वतःला इजा करू लागले. नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. अनेक दिवस अन्न वा झोप नाही. व्यसन हाताबाहेर गेले. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार त्या दिवशी पूर्णपणे बाजूला ठेवावा. मरणाविषयी विचारले तर तो विचार मनात शिरेल, ही समजूत चुकीची आहे. प्रेमाने आणि स्पष्ट विचारल्याने उलट ओझे हलके होते.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घराच्या कॅलेंडरवर, गॅस एजन्सीच्या आणि डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवावा, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे. आपल्याला न लागला तरी दुकानातील नोकराला, वसतिगृहातील पुतणीला लागू शकतो.

विम्याबाबतही एक माहिती उपयोगी पडेल. २०१७ च्याच कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारावरील उपचारांसाठीही विमा देणे बंधनकारक केले आहे. मात्र रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या बैठकांचा खर्च प्रत्येक पॉलिसीत मिळेलच असे नाही. अटी वाचून घ्याव्यात.

शेवटची नोंद

आता त्या घराविषयी थोडे सांगून थांबते. मुलाने दहावीचे सर्व पेपर दिले. गुण फार मोठे मिळाले नाहीत. गावातच वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. परीक्षेच्या आधी पोट अजूनही दुखते. आता तो ते सांगतो. दुकानाची विक्री पूर्वीइतकी झालेली नाही. धाकटे काका अजूनही “गोदामातले डॉक्टर” म्हणून चेष्टा करतात. नणंदेचे लग्न माघात पार पडले. व्याह्यांना कोणी काही सांगितले नाही, आणि त्यांनी काही विचारलेही नाही. ज्या वाक्याच्या भीतीने गाडी वळली होती, ते वाक्य कोणाच्याही तोंडून कधी निघालेच नाही.

आणखी एक बदल मला भाचीने सांगितला. पहिल्या बैठकीचे शुल्क वडिलांनी मोबाइलवरून भरले तेव्हा मुनीमजींनी विचारले होते, “शेठ, ही रक्कम कोणत्या खाती टाकू?” क्षणभर घुटमळून ते म्हणाले होते, “किरकोळ खर्चात टाका.” मार्चअखेरीस हिशेब मिळवताना मुनीमजींनी त्या सर्व नोंदी एकत्र केल्या आणि पुन्हा विचारले.

या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइके बसलेली होती. वडील मान वर न करताच म्हणाले, “घरखर्चात घ्या. औषधोपचार म्हणून लिहा.”